बाटल्यांची सेवाज्येष्ठता

प्रयोगशाळेत सहा प्रकारचं प्लास्टिक होतं आणि चार प्रकारचे कर्मचारी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असा समज तिथे बरीच वर्षं रूढ होता. तो समज रीतसर दूर करण्यात आला, त्याची ही हकिकत.

प्रयोगशाळेचं काम तसं साधं होतं. कारखान्यांकडून प्लास्टिकच्या बाटल्या, डबे, बुधले येत. त्यांत आम्ल, अल्कली, तेल, ॲसिटोन असं काय काय भरून ठेवायचं, मुदत संपली की बघायचं, आणि जे भांडं होतं तसंच राहिलं असेल त्याच्या तळाशी शिक्का मारायला परवानगी द्यायची. भिंतीवर एक मोठा तक्ता होता. डावीकडे प्लास्टिकं, वर रसायनं आणि मध्ये रंगीत चौकोन. हिरवा म्हणजे खुशाल भरा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवून भरा, लाल म्हणजे जवळही नेऊ नका. तक्ता बिनचूक होता. त्यामुळे त्याच्यावर कधी बैठक झाली नव्हती, आणि ज्याच्यावर बैठक होत नाही ते काही फार महत्त्वाचं नसतं, असं वरिष्ठांचं मत होतं.

या सगळ्या भांड्यांचा कारभार भांडार अधिकाऱ्यांकडे होता. तोंडावर त्यांना सगळे भांडारसाहेब म्हणत आणि माघारी बाटलीसाहेब. हे दुसरं नाव एकदा शेजाऱ्यांच्या कानावर गेलं, आणि तेव्हापासून शेजारीण त्यांच्या पत्नीकडे फार सहानुभूतीने बघू लागली. भांडारसाहेब रसायनशास्त्राचे पदवीधर होते, स्वभावाने सरळ होते, आणि त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. दार. वरिष्ठ भांडार अधिकाऱ्याची जागा रिकामी होती. त्या जागेला केबिन होती आणि केबिनला दार होतं. सध्या त्यांचं टेबल भांडाराच्या बाहेर बोळात होतं, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांचं पेन उचलून सही करून खिशात घालून जात असे. त्यांच्या साडूला गेल्या वर्षी केबिन मिळाली होती. तेव्हापासून कुटुंबात कुठलाही विषय निघाला, तरी साडू तो फिरवून फिरवून दारापाशी आणून सोडत असे. "आमच्या दाराला ते आपोआप बंद व्हायचं यंत्र आहे बरं का," असं तो इतक्या नम्रपणे सांगे की भांडारसाहेब चहा अर्धाच टाकून उठत.

एक दिवस उपसंचालक मॅडम काही कामासाठी तपासणीच्या दालनात आल्या आणि वर्ग चारच्या मदतनिसाच्या टेबलापाशी थबकल्या. टेबलावर एक पांढरी बाटली होती. मॅडमनी ती उचलली, उलटीसुलटी केली आणि भांडारसाहेबांना बोलावणं पाठवलं.

"ही कोणाची?"

"मदतनिसांची, मॅडम."

"आणि माझ्या टेबलावर आहे ती?"

"तशीच आहे, मॅडम."

"तेच विचारते आहे मी. तशीच का आहे?"

त्या प्रयोगशाळेत वर्ग एकच्या खुर्चीला हात होते, वर्ग दोनच्या खुर्चीला नुसती पाठ होती, वर्ग तीनला खुर्ची होती आणि वर्ग चारला स्टूल होतं. चहाही दर्जाप्रमाणे बशीसकट किंवा बशीशिवाय येत असे. एवढी चोख व्यवस्था असताना बाटली मात्र सगळ्यांची एकच होती. इतकी वर्षं हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचं मॅडमना मनापासून वाईट वाटलं.

लगेच बैठक झाली. संचालक हळू आवाजात बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी 'दर्जानुसार पात्रवाटप' हे धोरण मांडलं. कोणतं भांडं कोणत्या वर्गाला, हे भांडारसाहेबांनी ठरवायचं होतं. भांडारसाहेबांची नजर भिंतीवरच्या तक्त्याकडे गेली. बाटली कोणाची आहे यावर काही नसतं, बाटलीत काय आहे यावर सगळं असतं, एवढं एक वाक्य त्यांना बोलायचं होतं. ते खाकरलेही. पण संचालक त्याच वेळी म्हणाले, "आणि बरं का भांडारसाहेब, वरिष्ठपदाचा विचार चालू आहे," आणि ते वाक्य तिथल्या तिथे विरघळलं. बैठकीला बसलेले सगळेच रसायनशास्त्र शिकलेले होते. प्रत्येकाला वाटलं, शेजारचा बोलेल. शेजारच्याने बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

वाटप झालं. वर्ग एकला पॉलिस्टायरीन मिळालं, कारण ते काचेसारखं लखलखतं आणि टेबलावर शोभून दिसतं. वर्ग दोनला पॉलिकार्बोनेट. तेही पारदर्शक, शिवाय आपटलं तरी फुटत नाही, आणि वर्ग दोनच्या अधिकाऱ्यांना आपटून घ्यायची सवय होतीच. वर्ग तीनला दुधाळ रंगाचं पॉलिप्रॉपिलीन. वर्ग चारला जास्त घनतेचं पॉलिथिलीन, म्हणजे फिनेलचा कॅन ज्याचा असतो ते. कमी घनतेच्या मऊ पॉलिथिलीनला कोणताच वर्ग उरला नाही, म्हणून ते हंगामी म्हणून ठेवलं. टेफ्लॉनची एकच बाटली होती. तिला जवळजवळ कोणतंच रसायन काही करू शकत नाही, म्हणून ती संचालकांच्या कपाटात कुलपात ठेवली. तिच्यात कधी काही भरलं नाही; एवढ्या चांगल्या बाटलीचा वापर करून ती खराब करायची कशाला.

पहिल्याच सोमवारी मॅडमनी मदतनिसाला आपली नवी बाटली भरून आणायला सांगितली. काचेची भांडी धुवायला सगळे ॲसिटोन वापरत, त्याने ॲसिटोन भरलं. थोड्या वेळाने बाटली खाली बसू लागली. आधी कंबरेत वाकली, मग खांदे उतरले, आणि शेवटी तिने टेबलावरच अंग टाकलं. जाताना टेबलाचं पॉलिशही घेऊन गेली.

"तुला दिसलं नाही का रे, तक्त्यावर लाल चौकोन आहे तो?" मॅडमनी विचारलं.

"दिसला ना मॅडम."

"मग?"

"मला वाटलं, तो आमच्यासाठी असेल. तुमची बाटली वर्ग एकची."

मदतनिसाचं बोलणं नियमाला धरून होतं, त्यामुळे त्याच्यावर कारवाई करता येईना. चौकशी समिती नेमली गेली. बाटली वर्ग एकची, तेव्हा चूक तिची असणं शक्य नव्हतं. मॅडम तर बाटलीच्याही वर. राहता राहिलं ॲसिटोन. समितीने ॲसिटोनचा पूर्वेतिहास तपासला, तेव्हा असं उघडकीला आलं की हे द्रव्य नखांचा रंग काढायला कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि त्याला आजवर कुठलाच दर्जा दिलेला नाही. दर्जा नसलेल्या द्रव्याने वर्ग एकच्या पात्रात विनापरवाना प्रवेश केला, असा ठपका ठेवण्यात आला. ॲसिटोनची वर्ग चारमध्ये रवानगी झाली आणि ओघानेच बाकीच्या रसायनांचेही वर्ग पाडावे लागले. टोल्युइन आणि क्लोरोफॉर्म बोटीने, सीलबंद येत. ती अर्थातच उच्च वर्गातली ठरली.

पुढे जे झालं ते तक्ता वाचता येणाऱ्या कोणालाही सांगता आलं असतं, आणि तिथे सगळ्यांनाच तो वाचता येत होता. टोल्युइनने पॉलिस्टायरीनच्या बाटल्या गिळल्या. क्लोरोफॉर्मने पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांचा निकाल लावला. वरच्या दोन मजल्यांवर महिनाभरात एक टेबल धड राहिलं नाही. अधिकारी कोपर वर धरून सह्या करू लागले, कारण टेकवलं की चिकटे. खालच्या मजल्यावर मात्र वर्ग चारच्या बाटलीत वर्ग चारचं ॲसिटोन अगदी गुण्यागोविंदाने नांदत होतं.

मदतनीस बोळातल्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, "साहेब, आमच्या बाटलीला काहीच होत नाहीये. आमचं काही चुकतंय का?"

"चुकत नाही रे. पण बोलू नकोस कुठे."

तो कुठे बोलला नाही, तरी ते वर कळायचं राहिलं नाही. वर्ग एकची बाटली वाकते आणि वर्ग चारची ताठ उभी राहते, हे शिस्तीच्या दृष्टीने बरं दिसत नव्हतं. तेव्हा वर्ग चारच्या बाटलीकडून खुलासा मागवण्यात आला. वरिष्ठ पात्रं विरघळत असताना आपण न विरघळण्याचं कारण काय, ते तिने तत्काळ कळवायचं होतं. मदतनिसाने तिच्या वतीने सही केली आणि 'पुढे काळजी घेईन' असं लिहून दिलं.

हा खुलासा म्हणजे कर्मचारी संघटनेच्या पुढाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत होतं. पुढारी मऊ पॉलिथिलीनची एक जुनी बाटली बगलेत मारून संचालकांच्या दालनात आले.

"साहेब, तुम्ही बाटलीकडून खुलासा घेतलात. म्हणजे ती कर्मचारी झाली. बरोबर?"

संचालकांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी कधीच कशाला नाही म्हटलं नव्हतं.

"मग ही बघा. आमच्या कित्येक लोकांच्या आधीपासून नोकरीत आहे. लागली तेव्हा कमी घनतेची होती, आजही कमी घनतेचीच आहे. ना बढती, ना काही. हा कुठला न्याय?"

मागणी बिनतोड होती. भांडारसाहेबांनी आदेशाचा मसुदा केला. कमी घनतेच्या पॉलिथिलीनला सेवाज्येष्ठतेनुसार जास्त घनतेचं मानण्यात यावं. पण ते वर सरकलं की जास्त घनतेच्याने जायचं कुठे? त्याला पॉलिप्रॉपिलीन करण्यात आलं. पॉलिप्रॉपिलीन पॉलिकार्बोनेट झालं. भांडारसाहेबांनी स्वतः बसून सगळ्यांवर नवी लेबलं चिकटवली. चिकटवताना त्यांना आपल्या प्राध्यापकांचा चेहरा आठवला, आणि आपण हे काय करतो आहोत असं क्षणभर वाटलं. मग पुन्हा दार आठवलं. लेबलं तिरकी जाऊ नयेत याची त्यांनी फार काळजी घेतली.

बढतीचा समारंभ छान झाला. प्रत्येक बाटलीचं झाकण पुसण्यात आलं. पुढाऱ्यांनी भाषण केलं.

आता पॉलिप्रॉपिलीनची एक खासियत अशी की ते वाफेत टिकतं. त्याची भांडी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेच्या त्या भल्यामोठ्या कुकरमध्ये घालून निर्जंतुक करता येतात. लेबलावर पॉलिप्रॉपिलीन वाचून तपासणीचं काम बघणाऱ्या वर्ग तीनच्या बाईंनी नव्याने बढती मिळालेल्या वीस बाटल्या कुकरमध्ये लावल्या. वाफ निघून गेल्यावर त्यांनी झाकण उघडलं आणि आत दोनदा मोजलं.

"भांडारसाहेब," त्या बोळात येऊन म्हणाल्या, "आत वीस गेल्या होत्या. बाहेर एक आली आहे."

ती एक मोठी होती. तिला उचलायला दोघे लागले. ती कोणत्या वर्गात धरायची हा प्रश्न निघाला, पण त्याला तोंड देण्याचं त्राण आता कोणात नव्हतं. त्याच आठवड्यात संचालकांनी भांडारसाहेबांना बोलावून घेतलं. प्रयोगशाळेचं मूल्यांकन करायला बाहेरचं पथक येणार होतं.

"पथक तक्ता बघणार," संचालक म्हणाले. "त्यात लाल चौकोन फार आहेत. बाटल्या कमी आणि लाल जास्त, असं दिसलं तर बरं नाही. भांडं म्हटलं की भांडाराचा प्रश्न येतो, हो ना? वरिष्ठपदाबद्दल मी काही बोलत नाही. पण पथक गेल्यावरच ठरेल ते."

भांडारसाहेब घरी आले ते पाय ओढतच. पत्नीने केबिनच्या खिडकीसाठी पडद्याचं कापड आणून ठेवलं होतं आणि त्याचा काठ शिवायला घेतला होता.

"राहू दे ते," भांडारसाहेब म्हणाले.

"का? रंग आवडला नाही?"

"अगं, खिडकीच मिळेल असं दिसत नाही आता."

त्यांनी सगळं सांगितलं. पत्नीने काठ शिवता शिवता ऐकून घेतलं.

"म्हणजे ताईच्या घरी गेलं की पुन्हा ते दारपुराण ऐकायचं," ती म्हणाली. "अहो, मी काय म्हणते, इतकं जर तुमच्या त्या बाटल्यांना काहीच सोसत नाही, तर पाणी भरून ठेवा त्यांत. पाण्याने काही होत नाही ना?"

ती चेष्टेने म्हणाली होती. पण भांडारसाहेब ताठ बसले. पाणी. पाण्याच्या रकान्यात तक्ता वरपासून खालपर्यंत हिरवा होता. पाण्याविरुद्ध आजवर एकही तक्रार नव्हती. पाणी सगळ्या वर्गांना चालत होतं, संघटनेलाही चाललं असतं.

"नको हं," त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पत्नी घाईने म्हणाली. "मी आपलं गमतीने म्हटलं."

"गंमत नाही ही," भांडारसाहेब म्हणाले. "तू पडदा शिव."

प्रस्ताव दुसऱ्या दिवशी सादर झाला आणि त्याच दिवशी मंजूरही झाला. यापुढे सर्व चाचण्या पाण्यावर घेण्यात याव्यात. पाणी हे इतर सर्व रसायनांचं प्रतिनिधी द्रव मानण्यात यावं. ज्या रकान्यात ॲसिटोन लिहिलं आहे तिथे पाण्याने ॲसिटोनच्या वतीने हजर राहावं. बाटलीच्या वतीने मदतनिसाची सही चालते हा पायंडा आधीच पडलेला होता, त्यामुळे कोणाला आक्षेप घेता आला नाही. मॅडमना पॉलिस्टायरीनची नवी लखलखीत बाटली मिळाली. ती उभी राहिली आणि उभीच राहिली. मॅडम खूश झाल्या. प्रयोगशाळेत बऱ्याच दिवसांनी हसण्याचे आवाज ऐकू आले, कोपरं टेबलावर टेकली, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना फार बरं वाटलं.

पथक आलं. तक्ता इकडून तिकडे हिरवागार होता. पथकातल्या एका वृद्ध सदस्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "सल्फ्युरिक आम्लात सुद्धा सगळी भांडी उत्तीर्ण?"

"सगळी," संचालक म्हणाले.

"चाचणी कशी घेता?"

"प्रातिनिधिक पद्धतीने."

वृद्ध सदस्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात पथकप्रमुखांनी, गाडीची वेळ होत आली आहे, असं सुचवलं, आणि त्यांनी ते मिटलं. अहवालात 'अनुकरणीय' हा शब्द दोनदा आला.

भांडारसाहेब वरिष्ठ झाले. केबिन मिळाली, खिडकीला पडदा लागला. साडू मुद्दाम बघायला आला, दार दोनदा उघडून त्याने बंद केलं, आणि "लाकूड बरं आहे" एवढंच म्हणून गप्प बसला. भांडारसाहेबांच्या आयुष्यात इतका गोड क्षण पूर्वी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्ग तीनच्या बाई एक फाइल आणि एक डबा घेऊन आल्या. डबा सुंदर होता. स्वच्छ, पारदर्शक, वजनाला हलका.

"घरगुती वापराचा आहे, साहेब. तेल, व्हिनेगर, गरम पदार्थ, सगळं चालेल असं कारखान्याने लिहिलं आहे. पहिली मोठी मागणी आहे. शिक्क्याला तुमची सही हवी."

"तपासला?"

"पाण्यावर."

"गरम?"

"नळाच्या."

बाई तिथेच उभ्या राहिल्या. भांडारसाहेबांनी डबा नखाने टिचकी मारून ऐकला. कोणतं प्लास्टिक आहे ते त्यांना आवाजावरूनच कळलं. जुन्या तक्त्यावर त्याच्या ओळीत तेलाखाली कोणता रंग होता तेही त्यांना स्वच्छ आठवत होतं. सही केली नाही तर कारण द्यावं लागेल, कारण दिलं तर पाण्याचा विषय निघेल, आणि पाण्याचा विषय निघाला तर टेबल पुन्हा बोळात जाईल. त्यांनी सही केली. बाई फाइल घेऊन गेल्या. भांडारसाहेबांना लाज वाटली, चांगलीच वाटली. पण लाज वाटायला आता स्वतंत्र खोली होती. त्यांनी उठून दार लावून घेतलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी पत्नीला सांगून घरातले सगळे प्लास्टिकचे डबे काढून टाकायला लावले आणि स्टीलचे आणले.

तुम्ही त्यांच्या जागी असतात तर सही केली नसतीत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तुमच्या फडताळातला तो पारदर्शक डबा उलटा करून पाहिलात, तर तळाशी त्यांचा शिक्का दिसेल. तो पाहून तुम्हाला हायसं वाटेल. डबा कशात तपासला, हे विचारायचं राहून गेलं खरं. पण त्यात तुमचा काय दोष? दुकानात गर्दी होती, आणि तुम्ही विचारत होतात की यातच निळ्या झाकणाचा मिळेल का.